बंदूकवाल्यांचे पुढारी : कोण, कुठले, आधी काय करत होते?

वाचकहो, तुमच्या गावात परवान्याच्या बंदुका किती आहेत हे पोलीस पाटलाला तोंडपाठ असते. कोकणात त्यातल्या बऱ्याचशा ठासणीच्या, पीक संरक्षणाच्या नावाखाली घेतलेल्या. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करा अशी नोटीस येते. शेतकरी कुरकुर करतो, डुकरं मोकळी सुटली म्हणतो, आणि शेवटी गोणपाटात गुंडाळून बंदूक नेऊन देतो. पावती घेतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्या कायद्याने बंदूक हा हक्क नव्हे, सरकारने दिलेला परवाना आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात.

आता अशी कल्पना करा की, देशातल्या सगळ्या बंदूकवाल्यांची एक संघटना आहे. तिचे पन्नास लाखांवर सभासद आहेत, स्वतःची मासिके आहेत, दिल्लीत पगारी माणसे आहेत आणि बंदूक जमा करा म्हणणारा आमदार-खासदार पुढच्या निवडणुकीत पाडण्याची तिची ताकद आहे. आपल्याकडे अशी संघटना नाही. अमेरिकेत आहे. तिचे नाव नॅशनल रायफल असोसिएशन. तिथे कुठल्या शाळेत गोळीबार झाला, मुले गेली, की दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरातही हे नाव येते. २०१८ च्या सुमाराला संघटना स्वतःच पन्नास लाखांवर सभासद सांगत असे.

तुम्हाला वाटेल, एवढ्या मोठ्या संघटनेचे पुढारी म्हणजे शिकारी, शेतकरी, रानावनात वाढलेली माणसे असणार. मलाही तसेच वाटायचे. म्हणून एकेकाचे मागचे बघितले, आणि निघाले भलतेच.

पहिले दोघे : एक संपादक, एक वकील

संघटना निघाली १८७१ साली, न्यूयॉर्क शहरात. काढणारे दोघे. विल्यम चर्च हा पेपरवाला. आधी लढाईच्या बातम्या पाठवणारा वार्ताहर, मग सैन्याच्या साप्ताहिकाचा संपादक. दुसरा जॉर्ज विंगेट, धंद्याने वकील. दोघेही शहरी, नांगराला हात न लावलेले. पण अमेरिकेतले यादवी युद्ध दोघांनीही पाहिले होते. उत्तरेकडच्या फौजेत भरती झालेल्या शहरी पोरांना नेम धरता येत नव्हता, ही त्यांची खंत होती. इंग्लंडात याच नावाची संघटना आधीच निघाली होती, तिच्यावरून यांनी आपली काढली. मूळ उद्देश एवढाच, की माणसांना नीट गोळी मारायला शिकवावे. हक्काचा, कायद्याचा, निवडणुकीचा विषयही नव्हता.

पहिला अध्यक्ष केला तो ॲम्ब्रोज बर्नसाइड. हा यादवी युद्धातला जनरल. लढाईत मार खाल्लेला. १८६२ च्या फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत त्याने आपली फौज कापून घेतली. मात्र त्याच्या नावाची एक बंदूक होती, ती त्याने स्वतः बनवलेली. आणि त्याच्या गालावरचे झुपकेदार कल्ले इतके गाजले की इंग्रजीत कल्ल्यांना 'साइडबर्न' म्हणतात ते त्याच्याच नावावरून. पुढे १८८३ मध्ये युलिसिस ग्रँट अध्यक्ष झाला. तो तर देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष. थोडक्यात, मोठे नाव आणून खुर्चीवर बसवायचे आणि काम दुसऱ्यांनी करायचे, ही रीत तेव्हापासूनची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

नेमबाजीला जागा हवी होती. न्यूयॉर्क राज्य सरकारने २५ हजार डॉलर दिले आणि लाँग आयलंडवरचे क्रीड नावाच्या कुटुंबाचे शेत विकत घेतले गेले. तिथे १८७३ मध्ये मैदान सुरू झाले, त्याचे नाव क्रीडमूर. पुढच्याच वर्षी आयर्लंडची नामांकित मंडळी तिथे येऊन हरून गेली आणि संघटनेचे नाव देशभर झाले. ते शेत आज न्यूयॉर्क शहराच्या पोटात आहे आणि तिथे मनोरुग्णांचे सरकारी इस्पितळ आहे.

म्हणजे सरकारच्या पैशावर, सरकारच्या आशीर्वादाने ही संस्था वाढली. १९०५ मध्ये तर लष्करातल्या जुन्या बंदुका नेमबाजी मंडळांना विकायला कायद्याने मोकळीक मिळाली. सरकारशी भांडण वगैरे काही नव्हते.

इथे जरा थांबून एक सांगतो. आपल्या देशातही याच नावाची संघटना आहे, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया. ती १९५१ मध्ये काढली आपल्याच माणसाने : लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर. वकिली अहमदाबादेत, पण घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे. ती संघटना मात्र जन्मापासून आजतागायत फक्त खेळाची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात कांबळवाडी आहे. तिथल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलमध्ये ब्राँझ आणले, ते याच संघटनेच्या शिडीवरून वर येऊन. नाव एक म्हणून गाव एक समजू नका.

सुवर्णपदकवाला अध्यक्ष काय म्हणाला

अमेरिकेत १९३० च्या दशकात गुंडांनी यंत्रबंदुका घेऊन धुमाकूळ घातला. सरकारने १९३४ मध्ये कायदा आणला : यंत्रबंदूक, नळी कापून आखूड केलेली बंदूक वगैरेंवर २०० डॉलर कर आणि नोंदणी सक्तीची. त्या वेळी संघटनेचा अध्यक्ष होता कार्ल फ्रेडरिक. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये पिस्तूल नेमबाजीत तीन सुवर्णपदके मिळवलेला हा माणूस, पेशाने वकील. संसदेच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली. त्याने काय सांगावे? सर्रास सगळ्यांनी हत्यार अंगावर बाळगून फिरावे हे मला पटत नाही, त्यावर कडक बंधन असावे आणि परवाना असल्याशिवाय बाळगू देऊ नये, असे तो म्हणाला. संघटनेने त्या कायद्यात काटछाट करून घेतली, पिस्तुले त्यातून वगळायला लावली, पण कायदा मुळातूनच नको म्हणून कंबर कसली नाही.

१९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. मारेकऱ्याने ती बंदूक टपालाने मागवली होती, आणि मागवली होती संघटनेच्याच मासिकातली जाहिरात बघून. तेव्हाचा कारभारी फ्रँकलिन ऑर्थ संसदेत गेला आणि टपालाने बंदूक विकणे बंद करायला त्याने संमती दर्शवली. १९६८ चा कायदा झाला तेव्हाही त्याचे म्हणणे असे की, यातले सगळेच पटत नसले तरी शिकारी-खेळाडूंना या कायद्यासोबत जगता येईल.

आता ऑर्थला 'कारभारी' का म्हटले ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. या संघटनेत अध्यक्ष असतो मानाचा, बिनपगारी. खरी चावी असते 'कार्यकारी उपाध्यक्ष' या पगारी माणसाकडे. आपल्याकडे साखर कारखान्यात चेअरमन बोलेल तसा कार्यकारी संचालक चालतो. तिथे गंगा उलटी वाहते. वर ७६ जणांचे संचालक मंडळ. त्यातले ७५ तीन-तीन वर्षांसाठी, दरवर्षी एक-तृतीयांश टपालाच्या मतपत्रिकेने निवडायचे, आणि शहात्तरावा वार्षिक सभेत एका वर्षासाठी. मत कुणाला? आजीव सभासदाला, नाहीतर सलग पाच वर्षे वर्गणी भरलेल्याला. बाकीच्यांनी वर्गणी भरायची आणि मासिक वाचायचे. सहकारी सोसायटीची निवडणूक लढवलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल.

एका रात्रीत उलटलेली सभा

१९७० च्या दशकात संघटनेत दोन तट पडले. जुन्यांचे म्हणणे, आपण शिकार, नेमबाजी, निसर्ग यात रमावे. राजधानी वॉशिंग्टन सोडून पश्चिमेला डोंगराळ मुलखात कोलोरॅडो स्प्रिंग्जला कचेरी हलवावी. नव्यांचे म्हणणे, सरकार एक-एक करून बंदुका काढून घेणार आहे, आता रान नको, राजकारण हवे. १९७५ मध्ये कायद्याची लढाई लढण्यासाठी वेगळी शाखा निघाली. तिचा प्रमुख हार्लन कार्टर. १९७६ च्या अखेरीला जुन्या कारभाऱ्यांनी कर्मचारी कपात केली, ती नव्या मताच्या लोकांवरच जास्त कोसळली. कार्टरने राजीनामा दिला. जुन्यांना वाटले, गेली ब्याद.

मे १९७७ मध्ये सिनसिनाटी शहरात वार्षिक सभा भरली. नव्या मंडळींनी आधीपासून मोर्चेबांधणी केलेली. त्यात पुढे होता नील नॉक्स, बंदुकांच्या मासिकांचा संपादक. बघा, पुन्हा पेपरवालाच. त्याने संघटनेची घटना आणि पोटनियम कोळून प्यायले होते. याच्या माणसांनी नारिंगी टोप्या घातलेल्या, म्हणजे गर्दीत आपला माणूस ओळखू यावा. सभागृहातली थंड हवेची यंत्रे बंद पडली. कारभाऱ्यांनी मुद्दाम बंद केली, असा बंडखोरांचा संशय. पण घामाघूम होऊनही कोणी उठले नाही. एकामागून एक ठराव. पहाटे साडेतीन-चारपर्यंत सभा चालली. पोटनियम बदलले, कारभारी नेमण्याचा हक्क संचालक मंडळाकडून सभासदांच्या हाती घेतला, जुना कारभारी मॅक्सवेल रिच घरी गेला, आणि कार्टर खुर्चीवर आला. कचेरी हलवण्याचा बेत रद्द.

अमेरिकेतले आजचे बंदुकीचे राजकारण त्या एका रात्रीत जन्मले, असे तिथले जाणकार सांगतात. मला त्यात विशेष वाटले ते हे, की जुन्यांची मुळे शंभर वर्षांची, पैसा हाती, कचेरी हाती. पण पोटनियमांचे पुस्तक वाचून आलेला एकही माणूस त्यांच्याकडे नसावा असे दिसते. नव्यांनी तेवढेच केले.

कार्टर कुठून आला होता?

हा माणूस पहिल्यांदा मला 'आपला' वाटला, म्हणजे खेड्यातला. १९१३ चा जन्म, टेक्सासमधले छोटे गाव, मग मेक्सिकोच्या हद्दीवरचे लारेडो. बाप सीमा गस्ती दलात. पोरगाही त्याच दलात गेला आणि १९५० मध्ये त्याचा प्रमुख झाला. नेमबाजीतही पहिल्या दर्जाचा.

१९५४ साली त्याने जी मोहीम चालवली ती शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. टेक्सास-कॅलिफोर्नियाची कापूस, फळे, भाजीपाल्याची शेती मेक्सिकन मजुरांवर चालायची. काही मजूर १९४२ पासूनच्या सरकारी कराराने येत, काही रिओ ग्रांदे नदी ओलांडून चोरून येत. चोरून येणाऱ्याला कराराची मजुरी द्यावी लागत नाही, म्हणून बागायतदारांना तोच बरा वाटे. सरकारने त्यांना हुसकावण्याची मोहीम काढली. तिचे नाव 'ऑपरेशन वेटबॅक', म्हणजे 'ओली पाठ'. नदी पोहून आलेल्यांना हिणवायचा तो शब्द. शेतात, रस्त्यावर, वस्तीत धाडी पडल्या, माणसे ट्रकात, रेल्वेत, बोटीत कोंबून सीमेपार नेली. सरकारने आकडा दहा लाखांच्या वर सांगितला. अभ्यासक म्हणतात तो फुगवलेला होता. ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या वाचकाला हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत.

पण कार्टरच्या आयुष्यात याहून जुनी एक गोष्ट होती आणि ती त्याने दाबून ठेवली होती. १९३१ साल. हा तेव्हा सतरा वर्षांचा. शाळेतून घरी आला. आईने सांगितले, काही मेक्सिकन पोरे घराजवळ घुटमळत होती. त्याआधी त्यांची मोटार चोरीला गेली होती, त्यात या पोरांचा हात असावा असा संशय. हा छर्‍याची बंदूक घेऊन निघाला. पोरे पोहून परत येत होती, ती वाटेत भेटली. माझ्याबरोबर घरी चला, असा हुकूम केला. त्यातला एक पंधरा वर्षांचा. तो म्हणाला, येत नाही. त्याने चाकू काढला. कार्टरने गोळी घातली. मुलगा तिथेच गेला.

कोर्टाने दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली. वरच्या कोर्टाने ती फिरवली. कारण, स्वसंरक्षणाचा कायदा पंचांना नीट समजावून सांगितला नाही. खटला पुन्हा चालला नाही. पुढे त्याने नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर बदलले आणि पन्नास वर्षे कोणाला पत्ता लागला नाही. १९८१ मध्ये वर्तमानपत्रांनी जुने कागद बाहेर काढले. आधी तो मी नव्हेच म्हणाला, मग कबूल केले.

तुम्ही म्हणाल, पद गेले असेल. नाही गेले. १९८५ पर्यंत तो खुर्चीवर होता आणि त्याच्या कारकिर्दीत सभासद दहा लाखांवरून तीस लाखांच्या घरात गेले. सभासदांच्या लेखी तो घर राखणारा पोरगा होता. मेलेल्या पोराच्या घरचे काय म्हणत होते हे त्या सभांमध्ये कोणी विचारल्याची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही.

आजोबांच्या शेतावरची पोर

खऱ्या अर्थाने शेतावर वाढलेली एक पुढारी सापडली, ती बाई. मॅरियन हॅमर. जन्म १९३९, दक्षिण कॅरोलायना. बाप दुसऱ्या महायुद्धात ओकिनावाच्या लढाईत पडला. पोर आजी-आजोबांच्या शेतावर वाढली आणि बंदूक तिथेच शिकली. उंची पाच फुटांपेक्षा कमी. पण फ्लोरिडाच्या विधिमंडळात या बाईला पाहून भलेभले आमदार वाट बदलत. १९८७ मध्ये तिच्या खटपटीने फ्लोरिडात कायदा झाला की, अटी पुऱ्या करणाऱ्याला लपवून हत्यार बाळगण्याचा परवाना द्यावाच लागेल. अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. २००५ मध्ये आणखी एक : हल्ला होईल असे वाजवी कारणाने वाटले तर मागे न हटता गोळी चालवता येते. दोन्ही कायद्यांची नक्कल पुढे कितीतरी राज्यांनी केली. १९९५ मध्ये ती संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली.

तिच्याबद्दल मत काहीही असो, तिची पार्श्वभूमी आणि तिचे बोलणे यांत अंतर नव्हते. बाकीच्यांबद्दल तसे म्हणता येत नाही.

पडद्यावरचा मोझेस

चार्लटन हेस्टनला तुमच्यातल्या जुन्या मंडळींनी तालुक्याच्या टॉकीजमध्ये पाहिले असेल. 'टेन कमांडमेंट्स' मधला मोझेस, 'बेन हर' मधला रथ हाकणारा. १९६३ मध्ये काळ्या लोकांच्या हक्कांसाठी वॉशिंग्टनला मोठा मोर्चा निघाला त्यात हा होता. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींचा खून झाल्यावर इतर नटांबरोबर बंदुकीच्या कायद्याच्या बाजूने याने पत्रक काढले. आणि तीस वर्षांनी, १९९८ मध्ये, तोच बंदूकवाल्यांचा अध्यक्ष! माणूस मत बदलू शकतो, त्यात गुन्हा नाही. पण त्याला आणले कशाला हे बघा. सिनसिनाटीचा सूत्रधार नॉक्स पुन्हा संघटना ताब्यात घ्यायच्या बेतात होता. कारभाऱ्यांनी त्याच्यासमोर हा नट उभा केला आणि १९९७ मध्ये थोड्या मतांनी नॉक्सला पाडले. बर्नसाइडची रीत, सव्वाशे वर्षांनी.

२००० साली शार्लट शहरातल्या अधिवेशनात हेस्टनने जुन्या घडणीची बंदूक डोक्यावर उचलली आणि ही घ्यायची तर माझ्या मेलेल्या, थंड हातातून घ्या, अशा अर्थाचे वाक्य टाकले. सभा उठून उभी राहिली. त्याच्या हातात काय होते माहीत आहे? चकमकीच्या दगडावर उडणारी ठासणीची बंदूक. आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याच्या बंदुकीची पणजी. भांडण चालले होते ते अर्धस्वयंचलित रायफलींवरून.

सुटाबुटातला कारभारी

आता ज्याच्या हाती सर्वांत जास्त वर्षे चावी राहिली तो वेन लापिएर. जन्म १९४९, वाढला व्हर्जिनियात. शिक्षण राज्यशास्त्राचे. ना सैनिक, ना शिकारी, ना शेतकरी. व्हर्जिनियातल्या एका आमदाराकडे मदतनीस होता, आणि तो आमदार डेमोक्रॅटिक पक्षाचा. तिथून १९७० च्या दशकाच्या शेवटी संघटनेत आला तो लॉबिस्ट म्हणून. लॉबिस्ट म्हणजे खासदारांकडे खेपा घालून कायदा आपल्या बाजूला वळवणारा. तिकडे हा उघड, नोंदलेला, पगारी धंदा आहे. १९९१ मध्ये कार्यकारी उपाध्यक्ष झाला आणि २०२४ पर्यंत हलला नाही.

याची हत्यारे म्हणजे पत्रे. सभासदांना घाबरवणारे पत्र पाठवायचे, वर्गणी गोळा करायची. १९९५ मध्ये अशाच एका पत्रात सरकारी अधिकाऱ्यांना बूटधारी गुंड म्हटले होते. नेमका त्याच सुमाराला ओक्लाहोमा शहरात सरकारी कचेरी बॉम्बने उडवली गेली. थोरले जॉर्ज बुश, माजी राष्ट्राध्यक्ष आणि संघटनेचे आजीव सभासद, यांनी संतापून राजीनामा पाठवला. पत्रे थांबली नाहीत.

बंदूक चालवण्यात मात्र लापिएरसाहेबांचा हात यथातथाच. २०१३ मध्ये ते बोट्स्वानात हत्तीच्या शिकारीला गेले होते, त्याचे चित्रीकरण २०२१ मध्ये बाहेर आले. जखमी होऊन पडलेला हत्ती अगदी जवळ, वाटाड्या बोटाने दाखवतो आहे कुठे मारायचे, आणि यांचा नेम काही लागेना. शेवटी दुसऱ्याने तो हत्ती मारला. ज्या संस्थेचा जन्म 'पोरांना नेम धरता येत नाही' या खंतेतून झाला, तिच्या कारभाऱ्याची ही गोष्ट.

आणि पैसा? २०१८ मध्ये त्याची मिळकत वर्षाला वीस लाख डॉलरच्या वर होती. शिवाय खासगी विमाने, बहामातल्या सुट्ट्या, संघटनेला माल पुरवणाऱ्या ठेकेदाराची आलिशान बोट. बेव्हर्ली हिल्सच्या एका दुकानातून सूट शिवले त्याचे बिल दोन लाख पंच्याहत्तर हजार डॉलरच्या आसपास, तेही जाहिरात कंपनीच्या खात्यातून फिरवून आणलेले. वार्षिक वर्गणी चाळीस-पंचेचाळीस डॉलर धरा. म्हणजे कमीत कमी सहा हजार सभासदांची वर्षाची वर्गणी एका माणसाच्या सुटांत गेली. हे सभासद कोण? पेनसिल्व्हेनियात हरणाच्या हंगामाची वाट बघणारा गिरणीतला कामगार, मोंटानात वासरांना कायोटीपासून राखणारा गुरेवाला.

२०१८ मध्ये अध्यक्षपदी आणलेला ऑलिव्हर नॉर्थ हाही नाव असलेला गडी. नौदलाच्या मरीन दलातला लेफ्टनंट कर्नल, १९८० च्या दशकात इराणला चोरून हत्यारे विकून तो पैसा निकाराग्वाच्या बंडखोरांना पोचवण्याच्या प्रकरणात अडकलेला. शिक्षा झाली, मग अपिलात रद्द झाली. खुर्चीवर नुसते बसायचे सोडून त्याने हिशेब विचारला. एप्रिल २०१९ मध्ये, वर्षाच्या आतच, त्याला जावे लागले.

दीडशे वर्षांपूर्वीचा कागद

हिशेब शेवटी निघाला तो एका जुन्या कागदामुळे. चर्च आणि विंगेट यांनी १८७१ मध्ये संस्थेची नोंदणी न्यूयॉर्क राज्यात केली होती. कचेरी केव्हाच व्हर्जिनियात गेली, पण नोंदणी तिथेच राहिली. आपल्याकडे ट्रस्टवर धर्मादाय आयुक्तांची नजर असते, तशी तिथे राज्याच्या ॲटर्नी जनरलची असते. ऑगस्ट २०२० मध्ये लेटिशिया जेम्स या ॲटर्नी जनरल बाईंनी दावा ठोकला. संघटना म्हणाली, हे पक्षीय राजकारण आहे. आणि जेम्सबाई विरोधी पक्षाच्या हे खरेही होते. जानेवारी २०२१ मध्ये संघटनेने टेक्सासच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. मनात होते नोंदणी टेक्सासला न्यायची. मे महिन्यात न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. तो खऱ्या दिवाळखोरीसाठी नव्हे, न्यूयॉर्कच्या तपासातून सुटण्यासाठी आहे, असे त्यांनी नोंदवले.

खटला जानेवारी २०२४ मध्ये उभा राहण्याच्या तोंडावर लापिएरने राजीनामा दिला. फेब्रुवारीत ज्यूरीने निकाल दिला : त्याच्यामुळे संस्थेचे ५४ लाख डॉलरचे नुकसान झाले, त्यातले काही त्याने आधी भरले होते, उरलेले सुमारे ४३ लाख ५० हजार त्याने संस्थेला परत करावेत. पंचेचाळीसच्या हिशेबाने जवळजवळ लाखभर सभासदांची एका वर्षाची वर्गणी. जुलैमध्ये न्यायाधीशांनी दहा वर्षे संघटनेत पगाराचे पद घ्यायला त्याला मनाई केली.

या सगळ्यात बंदुकीचा कायदा एका अक्षराने बदलला नाही, हेही सांगितले पाहिजे. तिथल्या घटनेत १७९१ साली घातलेले कलम आहे आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला, की घरात बंदूक ठेवणे हा प्रत्येकाचा स्वतःचा हक्क. संघटना खिळखिळी झाली असताना, २०२२ मध्ये, त्याच न्यायालयाने घराबाहेर बाळगण्याचाही हक्क मान्य केला. पुढारी कोर्टात उभे, आणि त्यांची मागणी दुसऱ्या कोर्टात जिंकलेली.

मे २०२४ मध्ये संचालक मंडळाने नवा कार्यकारी उपाध्यक्ष निवडला, डग हॅमलिन. मरीन दलातून आलेला, आणि पुढचे सगळे आयुष्य बंदुकांच्या मासिकांच्या छपाई-प्रकाशनात गेलेले. १८७१ च्या चर्चसारखाच, छापखान्यातून आलेला माणूस.